घड धुळ्यात उतरेना

आखाजीला खान्देशात पत्ते कुटायचे, हा शिरस्ता. यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याने पत्त्यांऐवजी वीस तोंडांचा फासा काढला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा 1974 सालचा अमेरिकी खेळ. कुणी योद्धा व्हायचं, कुणी मांत्रिक. पुढचं फासा बघतो. जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यामुळे ड्रॅगनने आग ओकली तेव्हा कुणी पायसुद्धा आखडला नाही.

धुळ्याचे साडू बारावीला फिजिक्स शिकवतात. ते मांत्रिक झाले. उडाले, अदृश्य झाले, बोटांतून वीज काढली. तोवर न्यूटन वामकुक्षीला होता. मग साडू चाळीस फुटी कड्यावरून पडले. खेळाचा नियम असा की दर दहा फुटांना एक सहातोंडी फासा, आणि फार तर वीस फासे. म्हणजे दोनशे फुटांवरून पडा की कळसूबाईवरून, मार तेवढाच. साडूंच्या चारही फाशांवर सहा-सहा आले. मांत्रिक खलास!

"हाई काय शे, भो? हवेचा विरोध धरलाच नाही!" साडू कडाडले. (चाळीस फुटांत हवा कितीसा विरोध करणार, हे त्यांनीच पोरांना फळ्यावर दाखवलेलं.)

मग त्यांनी नियमांतच फट शोधली. डावाची एक फेरी सहा सेकंदांची, आणि त्यात प्रत्येकाला हातातली वस्तू शेजाऱ्याला देता येते. मग जळगाव ते धुळे, पाच-पाच फुटांवर साठेक हजार शेतकरी उभे करा. सहा सेकंदांत केळीचा घड धुळ्यात! महामार्गाचा प्रश्नच मिटला. मी हिशेब केला: नव्वदेक किलोमीटर, भागिले सहा, सेकंदाला पंधरा. पृथ्वी सोडून जायला 11.2 पुरतात. घड धुळ्यात उतरतो कशाला?

भाच्याने शांतपणे 2024 ची नियमावली उघडली. ही शेतकऱ्यांची रांग जगभरच्या साडूंना आधीच सुचलेली. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, असं त्यात बजावूनच ठेवलंय. साडूंनी चहा घेतला नाही.

संध्याकाळी गावात बारागाड्या होत्या. बैल न जुंपता एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या, वर माणसं खच्चून, आणि ओढणारा एकटा भगत. मागून ढकलणारे हात मोजायचे नसतात. घर्षणाचं विचारावं म्हणून मी साडूंना शोधलं. ते तिसऱ्या गाडीत उभे होते, भंडाऱ्याने पिवळे झालेले.