अल्पनिगेची झाडे व अतिनिगेचे गृहस्थ

जी वनस्पती फळ देत नाही, भाजी देत नाही, केवळ शोभा देते आणि त्या बदल्यात मालकाकडून मुख्यतः दुर्लक्षाची अपेक्षा ठेवते, तिला अल्पनिगेची शोभावनस्पती म्हणावे. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, क्रोटन, अरेका पाम, चिनी गुलाब आणि बोगनवेल ही महाराष्ट्रातील फ्लॅटमध्ये आढळणारी या वर्गातील प्रमुख मंडळी होत. ‘मालक’ या संज्ञेचा अर्थ मात्र प्रस्तुत विवेचनापुरता मर्यादित आहे: वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर शाल, श्रीफळ आणि निरोपसमारंभात मिळालेली एक कुंडी घेऊन कायमचा घरी परतलेला गृहस्थ. झाडांचे आयुष्य ठरवणाऱ्या घटकांत ऊन, माती आणि पाणी यांच्या बरोबरीने या घटकाची गणना व्हायला हवी. बागकामाच्या पुस्तकांतून नेमका तोच गाळलेला असतो.

खरेदी हा या शास्त्रातील पहिला संस्कार. पुणेकर गृहस्थ त्यासाठी सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांत जातो. जाताना दोन कुंड्यांचा संकल्प असतो आणि येताना मागच्या सीटवरील प्रत्येकाच्या मांडीवर एकेक झाड असते. ही रोपे हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेली असल्यामुळे घरी आणताच त्यांना कडक उन्हात ठेवू नये, आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हाची सवय लावावी आणि कुंडी तर पंधरा दिवस बदलूच नये, असा नियम आहे. गृहस्थ कुंडी त्याच संध्याकाळी बदलतो, कारण माती, कोकोपीट आणि गांडूळखत आणून झालेले असते आणि आणलेले सामान पडून राहिलेले त्याला पाहवत नाही.

जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चिनी गुलाब आणि बोगनवेल यांना पाच-सहा तास थेट ऊन लागते. स्नेक प्लांट, झेडझेड आणि मनीप्लांट उजेडावर भागवून घेतात. क्रोटन अंधारात ठेवल्यास त्याचे सगळे रंग उडून ते नुसते हिरवे होते. टीव्हीशेजारी शोभते म्हणून तेथे ठेवलेले झाड हे झाड नसून फुलदाणीतील फूल आहे, ते फक्त सावकाश सुकते.

पाण्याचा विषय मात्र विस्ताराने मांडणे भाग आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ती हवा मातीच्या कणांमधील पोकळ्यांत असते. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे वर पाने मलूल होऊन मान टाकतात. जास्त पाण्याने मरणारे झाड आणि पाण्यावाचून मरणारे झाड वरून अगदी सारखे दिसते, हीच या शास्त्रातील मुख्य ग्यानबाची मेख आहे. मान टाकलेले झाड पाहून गृहस्थाचे मन द्रवते आणि तो आणखी एक झारी ओततो.

यावरील उपाय जुना व बिनखर्चाचा आहे: तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी, बोटाला ओल लागली तर झारी जागेवर ठेवून परत फिरावे. गृहस्थाला तपासणी मनापासून आवडते, परंतु तपासणीअंती काहीच न करणे त्याच्या कार्यपद्धतीत बसत नाही. सकाळी साडेसहाला तो पाणी घालतो आणि कार्यालयातून अजूनही कुणीतरी न विसरता आणून देते त्या डायरीत नोंद करतो. ही नोंद कोणी वाचत नसल्यामुळे नऊ वाजता तांदूळ धुतलेले पाणी त्याच कुंड्यांत जाते आणि दुपारी शाळेतून आलेला नातू बाटलीतले उरलेले पाणी स्नेक प्लांटवर रिकामे करतो, कारण भरलेली बाटली पाहून आई रागावते. मूळचे पश्चिम आफ्रिकेतील, जाड पानांत पाणी साठवून कोरड्या दिवसांची तयारी करणारे हे झाड सदाशिव पेठेत शेवटी बुडून मरते. झाडाला दिवसातून तीनदा पाणी कशाला हवे? माणूस तरी तीनदा जेवतो का?

कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून ताटली घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मनीप्लांटच्या बाटलीलाही हाच नियम लागू आहे. ताटली न ठेवल्यास पाणी खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या चादरींवर पडते आणि विषय वनस्पतिशास्त्रातून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जातो.

खत: चहाचा चोथा घालावा, पण धुऊन, दूध-साखरेसकट घातल्यास मुंग्या येतात.

छाटणी: कात्री धारदार असावी आणि ती गृहस्थाच्या हाती नसावी.

पाहुण्यांना बाल्कनी दाखवताना ‘ही झाडे हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केले आहे’ असे सांगण्याचा प्रघात आहे. नासाचा तो अभ्यास १९८९ चा असून त्यातील झाडे बंदिस्त पेट्यांत ठेवलेली होती. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा खिडकीतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असे दिसले. याचा अर्थ दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात निदान ११० कुंड्या ठेवाव्या लागतील, आणि मग पाहुण्यांना बसायला जागा राहणार नाही. खिडकी उघडणे स्वस्त पडते.

अभिवृद्धी, म्हणजे एका झाडाची अनेक झाडे करणे, ही गृहस्थाची खरी हौस होय. मनीप्लांट विकत घेऊ नये, चोरूनच आणावा, तरच तो फळतो, अशी लोकश्रद्धा आहे. आयुष्यभर एका पैशाचा गैरव्यवहार न केलेला माणूस या एका बाबतीत प्रभातफेरीहून परतताना खिशातून पेरासकट तोडलेली फांदी काढतो. (पेर हवेच, मुळे तेथूनच फुटतात. ही वेल अळूच्या कुळातील असून चावल्यास तोंड तशीच खाजवते, म्हणून लहान मुलांपासून दूर ठेवावी.) पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान कापून लावल्यास नवी रोपे येतात खरी, पण त्यांना पिवळा काठ येत नाही, कारण काठाची ऊती आणि मधली ऊती मुळातच भिन्न असतात व नवा कोंब मधल्या हिरव्या ऊतीतून फुटतो. काठ टिकवायचा तर गड्डा विभागूनच लावावा. हे ठाऊक नसल्यामुळे गृहस्थाने आप्तेष्टांना वाटलेली सर्व रोपे निव्वळ हिरवी निघाली, आणि ती सर्व घरी नांदत आहेत, कारण देऊन झाल्यावर त्यांना पाणी घालायला तो तेथे नसतो. पोरका झाल्यासारखा तो मग दर महिन्याला फोन करून त्यांची खुशाली विचारतो. आप्तेष्टही आधी झाडाची खुशाली सांगतात, मग स्वतःची.

शेवटचा आणि सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे गावाला जाणे. गृहस्थ मुलीकडे बंगळूरला निघताना शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि अकरा कलमी सूचनापत्रक देतो, आणि दररोज रात्री फोन करतो. काकूंना एकवीस दिवसांत दोनदाच आठवण होते. परतल्यावर अरेकाची टोके करपलेली असतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते आणि चार वर्षे पानांखेरीज काहीही न दाखवलेली बोगनवेल निम्मी पाने गाळून राणी रंगाने पेटलेली असते. पाण्याचा ताण पडला की ती अधिक फुलते. जे रंगीत दिसते ती फुले नसून फुलांभोवतीची पाने, आणि खरी फुले त्यांच्या आत तीन-तीन, पांढुरकी, तांदळाएवढ्या तोंडाची असतात. गृहस्थ ती चष्मा कपाळावर सरकवून फार वेळ पाहतो. म्हैसूरपाकाचा डबा हाती घेताना काकू सांगतात, ‘तुम्ही लिहून दिलं होतं तस्संच केलं हो, भाऊ.’ त्या रात्री डायरीत ‘सूचनांचे काटेकोर पालन’ असा शेरा पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला झारी नळाखाली लागते.