कुंपणातल्या चोरास

पिशोर, ता. कन्नड

डायनामोतल्या बेइमान डायोडास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी हात जोडले जात नाहीत, म्हणून तो लिहीत नाही.

आकाराने तू बोटाच्या पेराएवढा. एका प्लेटीवर सहा भावंडं बसलेली, काम सगळ्यांचं एकच: डायनामोत तयार झालेली वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची आणि परत फिरू द्यायची नाही. राखणदारी हाच तुझा धर्म. पाच जणांनी तो पाळला. तू मात्र इंजिन बंद झालं की रात्री फाटक उघडत होतास.

दोन महिने तू आम्हाला छळलंस. ट्रॅक्टर दोन रात्री उभा राहिला की तिसऱ्या सकाळी सेल्फ एकदा ‘कट्’ करायचा आणि गप्प. पौषातली थंडी, अद्रक खणून बांधावर पडलेली, गाडी भरायला माणसं आलेली, आणि आम्ही सगळे ट्रॅक्टर ढकलतोय. पुढे तर मी तो उतारावरच लावू लागलो. एकदा सुरू झाला की दिवसभर चालायचा, बॅटरी भरायची, संध्याकाळी सेल्फ खणखणीत लागायचा. त्यामुळे डायनामोवर संशय घ्यावा कसा? जो दिवसा भरतो तोच रात्री उपसत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

आधी बळी गेला बॅटरीचा. ‘जुनी झाली’ म्हणून ती भंगाराच्या भावात दिली आणि नवी 88 अँपिअर-तासांची आणली. आठवड्यात तीही झोपली. मग मी पोराला धरलं. त्याने हौसेने टेप बसवला होता. ‘रात्रभर गाणी ऐकतोस आणि सकाळी आम्ही ढकलायचं का?’ असं मी त्याला मजुरांसमोर बोललो. तो एक शब्द बोलला नाही. टेप काढला, वायरीला चिकटपट्टी लावली आणि माळ्यावर ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली. त्या सकाळी त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तुला पकडलं ते रस्त्यावरच्या वायरमनने. आधी त्याने बॅटरी मोजली. पूर्ण भरलेली 12.6 व्होल्ट दाखवते, ती 11.9 वर आली होती. मग चावी बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावला. आकडा आला 1.20 अँपिअर. सगळं बंद असताना! म्हणजे चोवीस तासांत जवळजवळ 29 अँपिअर-तास, तीन दिवसांत आख्खी बॅटरी. त्याने एकेक फ्यूज काढला. दिवे, हॉर्न, मीटरबोर्ड, सगळे निर्दोष. आकडा जागचा हलला नाही. तुझी जाड तार फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीला भिडते, त्या आडोशाला तू बसला होतास.

‘काका, डायनामोला हात लावा,’ तो म्हणाला. दोन दिवस इंजिन बंद होतं, लोखंड बर्फासारखं गार. डायनामोची मागची बाजू मात्र खुडूक कोंबडीखालच्या अंड्यासारखी कोमट लागली. आमची वीज तू तिथे जाळत होतास. त्याने तुझ्या पाठीवरची तार सोडली, कुठे टेकू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळली. मीटरवर 0.00. कुंपणाने शेत खाल्ल्याचं आजवर ऐकलं होतं, त्या दिवशी हाताला लागलं.

चालू इंजिनवर कुणी बॅटरीची तार काढली तर डायोडला मोठा झटका बसतो, त्यात तो जातो, असं वायरमन म्हणाला. तसा झटका तुला बसलाही असेल. मग तिथेच साफ मरायचं होतंस. डायनामोने थोडं कमी भरलं असतं, पण रात्री बॅटरी उपसली गेली नसती. तू अर्धा जिवंत राहून फितूर झालास.

तुझी जात समुद्रावरही आहे. हर्णैपासून मालवणपर्यंत ज्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला बॅटरी आणि सेल्फ आहे, तिथे इंजिनाची वीज बॅटरीत घालणाऱ्या रेक्टिफायरमध्ये तुझेच भाऊबंद बसतात. त्यातला एक फुटला तरी असाच गळतो. मला निदान बांधाचा उतार होता. पाण्यात होडी कुणी कुठे ढकलायची? मोठं इंजिन दोरीने ओढून लागत नाही, आणि वारा पालटलेला असतो. तिथे तुझी चोरी जिवावर बेतते.

तुझी प्लेट परवा बदलली. ती वायरमनच्या दुकानात गंजलेल्या नटबोल्टांच्या डब्यात पडली आहे. घरी येऊन मी माळ्यावर चढलो, टेप खाली काढला, धूळ पुसली आणि पोराच्या हातात दिला. ‘चूक माझी होती,’ एवढंच बोलता आलं. त्याने चिकटपट्टी सोलली आणि वायर जोडायला घेतली. मी बॅटरी धरून बसलो.

– ट्रॅक्टरचा मालक