अडीच हजार कोटींत बसणारा गेम: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

पायरी १. वही घ्या

ट्रिपल-ए, म्हणजे सगळ्यात मोठ्या खर्चाचा, गेम बनवायला सगळ्यात आधी काय लागतं असं विचारलं की नवशिका हमखास ‘कल्पना’ म्हणतो. कल्पनेची घाई नाही. आधी गुणाकार करायचा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टुडिओत एका माणसामागे महिन्याला पंधरा ते वीस हजार डॉलर खर्च धरतात. पगार, विमा, जागेचं भाडं, संगणक, फुकटची कॉफी, सगळं त्यात आलं. आपण काटकसरी माणसं, पंधराच धरू. माणसं ३००, मुदत पाच वर्षं म्हणजे ६० महिने. झाले २७ कोटी डॉलर. अजून कुणी एक रेघसुद्धा ओढलेली नाही, जाहिरातीचा रुपया त्यात नाही, आणि गेम कशाबद्दल आहे हेही ठरलेलं नाही.

आकडा फुगवलाय असं वाटत असेल तर ताडून पाहा. जून २०२३मध्ये अमेरिकेचा व्यापार आयोग आणि मायक्रोसॉफ्ट यांचा खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात चालू होता. सोनीने त्यात काही गोपनीय कागद दिले आणि त्यातल्या ओळी मार्करने काळ्या केल्या. स्कॅन केल्यावर मार्करच्या खालचं सगळं वाचता येत होतं. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’: २१ कोटी २० लाख डॉलर, ३०० माणसं, पाच वर्षं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’: २२ कोटी डॉलर, सुमारे २०० माणसं. त्याच वर्षी डिसेंबरात हॅकर मंडळींनी इन्सॉम्नियॅक स्टुडिओचं कपाट फोडलं, तेव्हा २०१८च्या ‘स्पायडर-मॅन’चा खर्च दहा कोटींच्या आसपास आणि २०२३च्या दुसऱ्या भागाचा तीस कोटींच्या आसपास असल्याचं बाहेर आलं. तीस कोटी डॉलर म्हणजे आपले अडीच हजार कोटी रुपये. तिप्पट खर्च केला तो खेळणाऱ्याला दिसतो तरी का, असा प्रश्न त्यांच्याच एका अंतर्गत सादरीकरणात विचारलेला होता. नवशिक्याने तो मनात आणू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या अडखळतात.

पायरी २. विषय निवडा (निवड झालेली आहे)

आता उलटा हिशेब. त्या दुसऱ्या ‘स्पायडर-मॅन’ला नुसते पैसे वसूल करायला पूर्ण किमतीत सत्तर लाखांवर प्रती खपणं भाग होतं. सत्तर लाख लोकांना एकाच वेळी आवडेल असं जगात फार थोडं असतं. त्यामुळे विषय निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हा पूर्वी कुणी केलाय का? केला असेल तर घ्या. पूर्वी तुम्हीच केला असेल तर आकडा २ किंवा ३ लावून घ्या. ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाल्यांना हा प्रश्न पडलेलाच नाही. कोर्टात सादर झालेल्या त्यांच्याच आकड्यांनुसार ‘ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’वर, तो बाजारात आल्यानंतरच्या भरीसकट, सत्तर कोटी डॉलर गेले. एवढ्या रकमेला नावीन्य परवडत नाही.

विषयाबरोबर मुदतीचाही विचार हवा. पाच-सहा वर्षं लागणार, म्हणजे आज जे जोरात चाललंय ते तुमच्या हातून तेव्हा बाहेर पडेल जेव्हा लोकांना त्याचा वीट आलेला असेल. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हे याचं अभ्यासायला सोपं उदाहरण. नायकांच्या टोळ्यांची ऑनलाइन गोळीबारी ऐन भरात असताना काम सुरू झालं. गेम आला २३ ऑगस्ट २०२४ला, सगळ्यांचे पैसे परत करून बंद झाला ६ सप्टेंबरला. ऑक्टोबरात स्टुडिओलाही कुलूप लागलं. गोळी झाडायची मजा त्यात बरी होती असं खेळलेले लोक म्हणतात. ते लोकच फार नव्हते.

पायरी ३. तारीख जाहीर करा

गेम व्हायच्या आधी तारीख जाहीर करायची. हॉल बुक झाला, पत्रिका वाटल्या, आता मुलगी बघायला चला, असा हा प्रकार आहे आणि धंद्यात तो रीतसर मानला जातो, कारण गुंतवणूकदाराला आर्थिक वर्ष कळतं, कथानक कळत नाही. सीडी प्रोजेक्टने ‘सायबरपंक २०७७’ची तारीख एका वर्षात तीनदा पुढे ढकलली आणि चौथ्यांदा, १० डिसेंबर २०२०ला, पाळली. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१पर्यंत तो तिथे विकत मिळत नव्हता. जुन्या प्लेस्टेशनवर रस्त्यातली माणसं समोर उभं राहिल्यावर हळूहळू साकार व्हायची. (पुढे दुरुस्त्या होत होत तो खरंच उत्तम गेम झाला. पण ती पायरी या मार्गदर्शिकेत नाही.)

पायरी ४. पिवळा रंग आणा

ही पायरी सावकाश वाचावी. पैसा कुठे दिसतो हे इथे कळतं.

समजा तुमच्याकडे साठ चित्रकार आहेत. ते बसून राहिले तरी पंधरा हजार डॉलर महिना चालूच. म्हणून ते दगड काढतात. प्रत्येक दगडावर शेवाळ, शेवाळावर दव, कडेला गवत. दुसरीकडे कुणीतरी शिडी काढतो. तीही जुनी, गंजलेली, सुंदर. आता दृश्य इतकं भरगच्च होतं की यातल्या कुठल्या दगडावर चढता येतं आणि कुठला नुसता शोभेचा, हे खेळणाऱ्याला कळेनासं होतं. चाचणीला बसवलेला माणूस दहा मिनिटं भिंतीला टकरा देतो. ती दहा मिनिटं तक्त्यात नोंदली जातात. तक्ता बैठकीत जातो. अडीच हजार कोटी पणाला लावून बसलेल्या बैठकीत ‘अडकू दे की थोडा, शोधण्यातच गंमत आहे’ असं म्हणायची छाती कुणाची होत नाही. मग शिडीवर पिवळा रंग फासायचा हुकूम निघतो. २०२३च्या नव्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये शिड्या आणि पिंपं अशी पिवळी झाली. २०२४मध्ये ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’च्या कड्यांवरचा पिवळा रंग पाहून लोक एकमेकांत भांडले. आळशीपणा म्हणून हसतात लोक, पण तो आळशीपणा नाही. साठ माणसांनी दगड नको इतका चांगला काढला, त्याचं ते प्रायश्चित्त आहे.

रंगानेही भागलं नाही तर सोबती द्यायचा. नायकाबरोबर चालणारा मुलगा, बोलणारं मुंडकं, काहीही. काम एकच: कोडं समोर आलं की खेळणाऱ्याने विचार सुरू करायच्या आत उत्तर सांगून टाकायचं. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’मध्ये हे इतकं तत्परतेने होतं की आपल्याला दूरच्या खोलीत कुणी अभ्यासाला बसवलंय आणि मागे मावशी उभी आहे असं वाटतं. सोबती नसेल तर नायिकेने स्वतःशी बोलावं. ‘होरायझन’मधली एलॉय पिशवी भरली, वस्तू घरच्या पेटीत पाठवल्या, हे इतक्यांदा सांगायची की स्टुडिओला पुढे दुरुस्ती पाठवून तिचं बोलणं कमी करावं लागलं. त्या बोलण्याचंही लेखन झालं होतं, ध्वनिमुद्रण झालं होतं, डझनभर भाषांत भाषांतर झालं होतं. गप्प करण्याचाही पगार लागला असेल.

आणि अरुंद घळी. नायक दोन खडकांच्या मधून आडवा होऊन कुशीकुशीने सरकतो, तुम्ही नुसतं बटण दाबून धरता. त्या वेळात यंत्र पलीकडचा प्रदेश स्मृतीत भरून घेत असतं. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही तुटत नाही, त्यामुळे ‘थांबा, लोड होतंय’ अशी पाटी लावायची सोय नव्हती. घळ हीच पाटी. पलीकडच्या प्रदेशात दगड जितके भारी, तितकी घळ लांब.

पायरी ५

ही पायरी आणि सहावी पायरी हिशेब खात्याच्या सूचनेवरून वगळल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत.

पायरी ७. पिंपं पुण्याला पाठवा

पश्चिम किनाऱ्यावर पिंप काढून घेणं परवडत नाही, म्हणून काम बाहेर जातं: मॉन्ट्रियल, बुखारेस्ट, शांघाय, बंगळुरू आणि पुणे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा पुण्यात मोठा स्टुडिओ आहे. दिव्याचे खांब, खुर्च्या, झाडं, घोड्याचं खोगीर, शिवाय तासन्‌तास तीच भिंत सगळ्या कोनांतून धडकून पाहणाऱ्या चाचणीवाल्यांची फौज, हा या व्यवसायाचा भारतातला बराचसा पाया. काम कसबाचंच असतं. पण वाट्याला पिंप येतं, गोष्ट येत नाही.

एकदा गोष्ट आली होती. सप्टेंबर २०२०मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली, काम पुणे आणि मुंबईचं, तारीख जानेवारी २०२१. पहिली झलक पाहून जगभरचे चाहते नाकं मुरडायला लागले, तारीख पुढे गेली, परत गेली, मग उरलीच नाही. मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं, जिथे २००३चा मूळ गेम घडला होता. तिथेही घोडं अडलं. २०२५ सरलं तरी राजपुत्र आला नव्हता. इथल्या पोरांना जमलं नाही, एवढाच निष्कर्ष तेव्हा काढला गेला. मॉन्ट्रियलला का जमलं नाही यावर तितक्या हिरिरीने कुणी बोललं नाही.

पायरी ८. आणखी एक ‘ए’ लावा

इतकं करून गेम बेताचाच झाला तर खचून जाऊ नये. ‘स्कल अँड बोन्स’ हा चाच्यांचा गेम युबिसॉफ्टच्या सिंगापूर स्टुडिओत २०१३च्या सुमारास सुरू झाला, २०१७मध्ये दाखवला गेला आणि २०२४च्या फेब्रुवारीत आला. किंमत ७० डॉलर कशी लावता असं विचारल्यावर कंपनीप्रमुख इव्ह गिलमो म्हणाले की हा ट्रिपल नव्हे, क्वाड्रुपल-ए गेम आहे. आकार हाच गुण, हे इतक्या निर्मळपणे दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

परिशिष्ट. नवशिक्याने वाचू नये

फ्रान्समधल्या माँपेलिए गावात सँडफॉल नावाच्या स्टुडिओत सुमारे तीस माणसांनी ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३’ बनवला. एप्रिल २०२५मध्ये आला, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या आणि वर्षाच्या शेवटी वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. ‘तीस माणसांनी’ हे मात्र जरा जपूनच घ्यावं. लढाईतल्या हालचाली कोरियातल्या चमूने केल्या, चाचणी बाहेर झाली, इंजिन तयार मिळालं, वादक आणि नामवंत आवाज वेगळे.

तरी तीस आणि तीनशे यांतला फरक पडद्यावर दिसतोच. अवाढव्य खुलं जग बांधायला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या जपानी गेमसारखा खेळण्यातला नकाशा केला; त्यावर राक्षसाएवढी दिसणारी पात्रं डोंगर ओलांडून जातात. त्या गेममधलं एक लाडकं दृश्य ते. कोपऱ्यात छोटा नकाशा नाही, त्यामुळे माणूस चुकतो. चुकू दिला.

पुण्यातही हे घडलेलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी २०२०मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शियंट एपिक’ बाहेर काढला. चेहऱ्यावरच्या प्रत्येक सुरकुतीसह बोलणारी पात्रं करायची ऐपत नव्हती. मग गोष्ट सांगायला त्यांनी छायाबाहुल्या घेतल्या. गेममध्ये उणं पुष्कळ आहे. मारामारी अडखळते, शेवट तर अर्ध्यावरच सोडल्यासारखा. बाहुल्या मात्र लक्षात राहतात. तीनशे माणसांच्या बैठकीत बाहुल्या मंजूर झाल्या नसत्या.

पायरी ९. गेम चालला तर

गेम पडला तर काय करायचं ते ‘कॉन्कॉर्ड’वरून कळलंच. चालला तर जरा निराळं आहे. दुसऱ्या ‘स्पायडर-मॅन’च्या फेब्रुवारी २०२४पर्यंत एक कोटीवर प्रती खपल्या होत्या. त्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशन विभागातली सुमारे ९०० माणसं कमी केली आणि त्यात इन्सॉम्नियॅकचीही होती. गेम बाहेर पडला की पुढच्याचं काम सुरुवातीला थोड्याच लोकांचं असतं. साठ चित्रकारांना द्यायला दगड नसतात. तेव्हा पायरी १ची वही काढायची आणि उलटा गुणाकार करायचा. जी माणसं जातात त्यांच्याबरोबर मागचे दगड कसे केले होते तेही जातं, आणि तिसऱ्या भागाच्या वेळी ते नव्या माणसांना नव्या पगारावर पुन्हा शोधून काढावं लागतं. तिसरा भाग पाच वर्षांऐवजी सहा घेतो तो असा.

राहिली श्रेयनामावली. पुण्याच्या पिंपवाल्यांपासून सगळ्यांची नावं घालायची, आडनावांची स्पेलिंगं तपासायची, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय करायचं ते वकिलांना विचारायचं. यादी सहज अर्ध्या तासावर जाते. बटण दाबून धरलं की ती वेगाने पळेल अशी सोय ठेवा. चाचणीत लोक तिथेच अडकतात.