मँचेस्टर, पंचा आणि गोलातला आर

भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणतात. इचलकरंजीला महाराष्ट्राचं म्हणतात, कोइमतूरला दक्षिणेचं, आणि अहमदाबादकर तर हा मान आपलाच म्हणून सांगतात. मूळ मँचेस्टरने आजवर यांतल्या एकालाही नोटीस धाडल्याचं ऐकिवात नाही. साहेबाच्या या औदार्यामुळेच बहुधा आमच्या मेव्हण्यांचा समज झाला की नाव ही फुकट मिळणारी वस्तू आहे.

मेव्हण्यांचे भिवंडीतल्या नारपोलीत चोवीस माग. सगळे जॉबवर. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, तीही पैशांत मोजलेली. विणलेलं कोरं कापड, म्हणजे 'ग्रे', तागे बांधून टेम्पोत चढतं, प्रोसेस हाउसला जाऊन रंगतं आणि मग त्याच्या काठावर कुठल्या तरी 'सुटिंग्ज'चं नाव सोनेरी शाईत उमटतं. परवा मुलीच्या साखरपुड्यासाठी मेव्हण्यांनी मुंबईहून चांगल्यातला पँटपीस आणला. घरी उलगडला, काठ बोटांत धरला आणि गप्पच झाले. विणीत एक बारीकशी खोड होती. त्यांच्याच सात नंबरच्या मागाची.

"भावोजी," ते म्हणाले, "आता आपला स्वतःचा ब्रँड. सुरुवात पंच्यापासून."

कल्याण नाक्यावर झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर ट्रेडमार्कचे एक सल्लागार बसतात. त्यांनी नाव विचारलं.

"भिवंडी पंचा."

"चालणार नाही. माल कुठला ते सांगणारं नाव सहसा एकट्याला देत नाहीत."

"मग काश्मीर पंचा?"

"तो काश्मीरचा आहे का? गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली."

"मऊ पंचा?"

"हा मालाचा गुण. तो सगळ्यांचा."

म्हणजे खरं बोललात तर वर्णन, खोटं बोललात तर फसवणूक. मेव्हण्यांनी शेवटी वज्रेश्वरीला साकडं घातलं. सल्लागारांनी तिलाही हात जोडले आणि दाखला दिला: एका अगरबत्तीवाल्याला 'रामायण' हे नाव हवं होतं, 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाची मक्तेदारी नाही. सगळ्यात भक्कम नाव कुठलं? तर ज्याला काहीच अर्थ नाही ते. कोडॅकसारखं.

"अर्थ नसलेलेच शब्द हवेत, तर आमच्या वॉर्डातल्या जाहीरनाम्यांतून हवे तेवढे काढून देतो," मेव्हणे म्हणाले. अखेर 'खटखट' ठरलं. मागाचा आवाज. पंच्याशी संबंध शून्य. सल्लागार खूश.

पुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता. "गिऱ्हाईक याने अंग पुसणार की कमरेला गुंडाळणार?" जगातल्या सगळ्या मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. टॉवेल 24 मध्ये, लुंगी 25 मध्ये. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये. एकच पंचा, विहिरीवरून घरापर्यंत येताना त्याचा वर्ग बदलतो आणि फी 9,000 होते.

तोवर मेव्हण्यांनी कारखान्याच्या पाटीवर, टेम्पोवर आणि जेवणाच्या डब्यावर 'खटखट' रंगवून पुढे गोलातला आर काढलाही होता. सल्लागार पांढरे पडले. नोंदणी न झालेल्या नावाला तो गोल लावणं बेकायदा आहे; पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे, आता दंड होतो. टीएम लिहा, त्याला कुणी विचारत नाही. पेंटरने गोल पुसायचे वेगळे पैसे घेतले.

या कायद्याचा नायक कोण, हेही त्या माळ्यावर कळलं: बेताच्या बुद्धीचा, अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक. दोन नावं शेजारी ठेवून ताडायची नाहीत. या विसराळू माणसाचा घोटाळा होईल का, एवढंच बघायचं. 1962 साली सर्वोच्च न्यायालयात 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' यांच्यात त्याचा घोटाळा होतो असं ठरलं. तरी दुसऱ्याचा धंदा पहिल्याने बरीच वर्षं निमूट चालू दिला होता, म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती परवानगी मिळाली. (बेताची बुद्धी आणि अर्धवट आठवण ही पात्रता आमच्या घरात एकाकडे आहे, असं सौ.चं म्हणणं.)

"पण खरा आधार जुन्या बिलांचा," सल्लागार म्हणाले. पुण्यात कॅम्पातलं बर्गर किंग 1992 च्या सुमारापासून चालू आहे. त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात दुकान टाकायला आली 2014 साली. पुण्याच्या न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, डिसेंबरात उच्च न्यायालयाने पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. "आधी कुणी वापरलं, ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. तुमचं काय आहे?"

मेव्हण्यांकडे तीस वर्षांची चलनं होती. दोन गोण्या. सल्लागारांनी एकेक चाळलं. पन्हा आहे, पीक आहेत, मीटर आहेत, टेम्पोचा नंबर आहे, व्यापाऱ्याचा शिक्का आहे. मालाच्या नावाचा रकानाच नाही. तिथे सगळीकडे एकच शब्द: ग्रे.

अर्जात 'वापर कधीपासून' असा प्रश्न असतो. तीस वर्षं कापड विणलेल्या माणसाच्या नावापुढे सल्लागारांनी भरलं: 'वापरण्याचा विचार आहे.'

अर्ज गेलाय. तपासणीतून पार पडला की नाव जर्नलमध्ये छापून येईल आणि त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येईल. नारपोली, शांतीनगर आणि अंजूरफाट्याच्या वाचकांना विनंती: खटखटीने रात्रभर झोप लागत नाही, ही हरकत त्यात बसत नाही.