पानसे

त्यांचं खरं नाव अस्सल इंग्रजी आहे, पण आमच्या घरात ते पानसेच. आई पुण्याहून राहायला आली होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला शेजारचे हे गृहस्थ रोज दिसायचे. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पाना आणि तिसरा विजारीच्या खिशात. एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आज पानसे लवकर उठलेत." झालं. बारसं तिनं केलं, आम्ही नुसते घुगऱ्या खाल्ल्या. त्यांची बायको आपोआपच पानसेबाई झाली.

केंब्रिजच्या या बाजूला अशा, जुनी विमानं जोडत बसणाऱ्या पानशांना तोटा नाही. डक्सफर्डचा जुना लढाऊ विमानतळ जवळच. तिथे आता विमानांचं म्युझियम आहे आणि उन्हाळ्यात तिथली जुनी विमानं घरघरत आमच्या डोक्यावरून जातात. निम्मा रस्ता माना वर करून उभा राहतो. खरा पानसे मान वर करत नाही. तो हातातलं काम न थांबवता "मर्लिन" एवढंच म्हणतो. मर्लिन म्हणजे रोल्स-रॉइसचं बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं इंजिन. मग थोडं थांबून, "एक सिलिंडर रुसलाय."

आमचे पानसे हरिकेनपंथी आहेत, म्हणजे हरिकेन या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे भक्त. हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पहिल्याच भेटीत संबंध बिघडतात. मी भोळेपणानं गॅरेजात डोकावून "स्पिटफायर का?" असं विचारलं होतं. 1940 सालच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या हवाई लढाईत जर्मन विमानं जास्त पाडली ती हरिकेननं, आणि आरती मात्र स्पिटफायरची होते, हे त्यांचं ऐंशी वर्षांपूर्वीचं दुखणं आहे. ते स्वतः जन्मले युद्ध संपल्यावर. त्यानं काही बिघडत नाही. म्यानमारमध्ये कुणीतरी पेट्यांत बंद करून पुरली म्हणतात ती स्पिटफायर शोधायला 2013 साली रंगूनच्या विमानतळावर खणलं आणि एकही विमान निघालं नाही. तो प्रसंग पानसे अजूनही पाहुण्यांना सांगतात, आणि प्रत्येक वेळी तितक्याच समाधानानं.

अख्खं हरिकेन उभं करायचं म्हणजे गडगंज माणसाचं काम. पानसे पेन्शनर. म्हणून त्यांनी फक्त कॉकपिट करायला घेतलंय. इंजिन नाही, पंख नाहीत, शेपूट नाही. वैमानिक बसायचा तेवढाच नळ्यांचा सांगाडा गॅरेजात आहे आणि गाडी बाहेर पावसात. सांगाड्यातली प्रत्येक वस्तू मात्र त्या काळची हवी. दोन गुडघ्यांच्या मध्ये बसणारं स्पिरिट भरलेलं होकायंत्र त्यांनी एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून आणलं. उड्डाणाच्या दांड्याची वरची गोल मूठ एका विधवेकडून, आणि तिच्यावरचं बंदुकीचं पितळी बटण तिसरीकडून. बटणाभोवती कडी आहे. ती फिरवली की 'सेफ'चं 'फायर' होतं. पानसे ती रोज रात्री झोपण्यापूर्वी न चुकता 'सेफ'वर आणून ठेवतात. बंदुका नाहीत, हे मी लक्षात आणून दिलं. "शिस्त म्हणून," ते म्हणाले.

डायल वेगळ्या पत्र्याच्या पेटीत, लांब कोपऱ्यात. त्यांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या रंगानं रंगवायचे. चमक केव्हाच गेली, रेडियम तसंच आहे. निम्मं व्हायलाच त्याला 1600 वर्षं लागतात. पेटीजवळ किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र नेलं की टकटक सुरू होते आणि पानशांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरतं. "अस्सल आहे," असं ते सांगतात. आपण हळूच दोन पावलं मागे सरायचं.

त्यांचा राग कुणावर असेल, तर तुम्ही म्हणाल जर्मनांवर. छे! जर्मनांनी मोडलं ते निदान जागच्या जागी तरी पडलं, शोधून काढता येतं. राग आहे तो 1945 नंतरच्या भंगारवाल्यांवर. हजारो धडधाकट विमानं त्यांनी तोडून वितळवली. बरं, 1940 च्या जुलैत विमान-उत्पादन खात्याचा मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक यानं बायकांना साद घातली होती की ॲल्युमिनियमची भांडी द्या, त्यांची विमानं करतो. बायकांनी पातेल्यांचे ढीग घातले. युद्ध संपल्यावर गंगा उलटी वाहिली. त्यामुळे जुनं ॲल्युमिनियम दिसलं की पानशांची नजर बदलते. आमच्याकडे चहाला आले असताना त्यांनी आईचं दुधाचं पातेलं उचललं, तळ वळवून विमानखात्याचा मुकुटाचा शिक्का शोधला आणि बोटानं कड तपासली.

"त्यांना सांग, हिंडालियम आहे," आई आतून ओरडली. "आणि पालथं करू नका म्हणावं, दूध आहे."

गॅरेजात मिलिमीटर हा शब्द उच्चारायचा नाही. त्यांचे सगळे पाने इंचवाले. लहान स्क्रूंचे आटे 'बी. ए.' नावाच्या ब्रिटिश मापाचे, आणि ते त्यांना देवासमान. आमच्या इंजिनिअर चिरंजीवांना गप्प बसवेना. ते म्हणाले, हे बी. ए. आटे मुळात स्वित्झर्लंडच्या मेट्रिक मापांवरूनच घेतलेत की! पानसे बराच वेळ स्क्रूकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "स्विस तटस्थ होते."

पानसेबाई या सगळ्याला कंटाळल्या असतील असा आमचा समज होता. कसल्या कंटाळतात! हरिकेनचं कॉकपिटपासून मागचं अंग कापडाचं असतं, आयरिश लिननचं, वर डोप नावाच्या रोगणाचे हात देऊन ताणलेलं. ते शिवणं बाईंकडे. वक्र सुई, मेण लावलेला दोरा, आणि टाके असे सारखे की आईनं चष्मा लावून तपासले आणि एकही खोड काढली नाही. नवऱ्यानं परस्पर घातलेले चार टाके मात्र बाईंनी उसवले होते.

अस्सल म्हणजे नेमकं काय, यावर या पंथात हाणामाऱ्या होतात. चिखलातून निघालेली एक ओळखपट्टी घ्यायची, तिच्यामागे सगळं नवं विमान बांधायचं आणि ते 1940 चंच म्हणून उडवायचं, हेही इथे चालतं. पुण्यात वाडा पाडून टॉवर झाला तरी फाटकावर जुनीच पाटी लावतात, त्यातलाच प्रकार. पानशांना तो मुळीच मान्य नाही. त्यांच्या सांगाड्यातल्या जुन्या नळ्या किती, हे विचारल्यावर ते म्हणाले, "पट्टी अगदी मूळची आहे."

मी भारतातला, हे कळल्यापासून माझा भाव वधारला. कारण काशी. पीटर व्हॅशर नावाच्या इंग्रज गृहस्थांना 1982 साली, जुन्या रोल्स-रॉइस मोटारी हुडकत फिरताना, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हरिकेन दिसलं. आर 4118. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये 49 फेऱ्या मारलेलं, पुढे भारतात आलेलं, मग विद्यार्थ्यांना शिकायला दिलेलं आणि तिथेच विसरलेलं. 2001 मध्ये त्यांनी ते इंग्लंडला नेलं आणि 2004 च्या डिसेंबरात ते पुन्हा उडालं. काशीला देह ठेवला की पुनर्जन्म चुकतो म्हणतात. याला तिथूनच मिळाला. त्यात कानपूरची गोष्ट. युद्ध संपल्यावर तिथे मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बाँबफेकी विमानं आपल्या एचएएलच्या लोकांनी दुरुस्त केली आणि हवाईदलानं ती 1968 पर्यंत वापरली. या दोन गोष्टींवरून पानशांनी निष्कर्ष काढलाय की भारतीय माणूस काही टाकत नाही. तो फक्त आठवत नाही कुठे ठेवलंय.

म्हणून पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी एक फोटो दिला. हरिकेनमध्ये वैमानिकाच्या उजव्या हाताला एक खोका असतो, त्यावर इंग्रजी 'एच'च्या आकाराची खाच, खाचेत दांडी. एकीकडे ढकलली की चाकं वरखाली, दुसरीकडे फ्लॅप. तेवढा एक खोका मिळत नव्हता. मी जुन्या बाजारात एका चाचांना फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"ट्रॅक्टरचं आहे."

"विमानाचं आहे, चाचा."

"मग विमानाचं. रविवारी या, आणून ठेवतो."

पुढे तो खोका न्यूझीलंडहून आला. पार्सल उघडायला आम्हाला सहकुटुंब आमंत्रण होतं. पानशांनी तो चार स्क्रूंनी बसवला (बी. ए.), मला उचलून सांगाड्यात कोंबलं आणि स्वतः बाहेर उभं राहून हुकूम सोडले. थ्रॉटल पुढे. शेपूट उचलली. जमीन सुटली. आता दांडा डाव्या हातात घ्या, उजवा हात खोक्याकडे, चाकं वर! मी दांडी खेचली. खटकन् बसली.

"झकास," पानसे म्हणाले. "चाकं अजून मिळायचीत. ते तुमचे रविवारचे गृहस्थ, त्यांचा नंबर आहे का?"