मोशीचे सप्तरंग : एक सोसायटीशास्त्रीय टिपण

पिंपरी-चिंचवडमधील मोशी परिसरातील इंद्रधनुष्यांचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास पहिला मान आकाशातील इंद्रधनुष्याला द्यावा लागतो, मात्र तो केवळ ज्येष्ठतेमुळे. सूर्य पाठीशी, पाऊस पुढ्यात आणि सूर्याची क्षितिजापासूनची उंची ४२ अंशांहून कमी, या अटी एकाच वेळी जुळून आल्याशिवाय ते जमिनीवरून दिसत नाही. त्यामुळे सायंकाळचे इंद्रधनुष्य नेहमी पूर्वेकडे, म्हणजे मोशीकरांना आळंदीच्या बाजूस उमटते, आणि ते पाहण्यास पात्र असलेला नोकरदार वर्ग नेमका त्याच वेळी पुणे-नाशिक महामार्गावर समोरच्या कंटेनरची मागची बाजू पाहत उभा असतो. वास्तुशास्त्रापोटी चढ्या भावाने पूर्वाभिमुख सदनिका घेणाऱ्यांना हा देखावा त्याच पैशांत मिळू शकतो, ही गोष्ट बांधकाम व्यावसायिकांच्या नजरेतून कशी सुटली, हे कोडेच आहे. अर्थात पावसाळ्यात बाल्कनीत तीन दिवसांचे कपडे वाळत असल्यामुळे त्या लाभाचा उपभोग घेता येतोच असे नाही.

जमिनीवरचे इंद्रधनुष्य त्या मानाने अधिक भरवशाचे आहे. चाकणच्या दिशेने जाणाऱ्या एखाद्या ट्रकमधून डिझेलचे चार थेंब डबक्यात पडले, की पाण्यावर तवंग पसरतो आणि तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग उजळतात, काही मावळतात. या प्रकाराला व्यतिकरण म्हणतात. येथे रंगांचा क्रम तवंगाच्या जाडीवर ठरत असल्याने शाळेत घोकलेले ‘तानापिहिनिपाजा’ लागू पडत नाही, आणि दुचाकीस्वारांच्या लेखी तर या साऱ्याला एकच नाव असते, ते म्हणजे ‘निसरडे’. भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत हाच चमत्कार नट-बोल्टांवर मुद्दाम घडवला जातो. पोलादी बोल्टवर जस्ताचा मुलामा चढवून तो क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात बुडवला, की पांढऱ्या गंजापासून वाचवणारा एक अतिपातळ थर तयार होतो. या क्रियेस पॅसिव्हेशन म्हणतात. असा बोल्ट चिमटीत धरून ट्यूबलाइटखाली फिरवल्यास सोनेरी पिवळ्या रंगावरून हिरवी आणि गुलाबी झाक सरकत जाताना दिसते. कारखान्यात मात्र तिला इंद्रधनुष्य न म्हणता ‘शेड’ म्हणतात, आणि ती बदलली तर कोणी कविता करीत नाही, माल परत येतो.

खरा गुंता ध्वजांपासून सुरू होतो. लिंगभाव किंवा लैंगिक कल बहुसंख्यांहून वेगळा असलेल्या व्यक्तींच्या अभिमानाचे प्रतीक ठरलेला इंद्रधनुषी ध्वज १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे गिल्बर्ट बेकर यांनी घडवला. त्यात आरंभी आठ पट्टे होते. गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून एक पट्टा गळला (लक्ष्मी रोडवर ही अडचण आली नसती), पुढे आणखी एक गळला आणि सहा उरले. पुण्यात ११ डिसेंबर २०११ रोजी समपथिक ट्रस्टने काढलेल्या पहिल्या अभिमान पदयात्रेत हा ध्वज रस्त्यावर आला. अलीकडे ‘अभिमान महिना’ म्हणून पाळल्या जाणाऱ्या जूनमध्ये कंपन्यांची बोधचिन्हेही सप्तरंगी होतात आणि १ जुलैला पहिल्या पावसात धुतल्यासारखी पूर्ववत होतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. त्यासाठी बोधचिन्ह रंगवावे लागले नाही, आणि पगार जुलैतही मिळतो, हा त्यातला विशेष.

तथापि मोशीतील बहुतेक सोसायट्यांचा एक सप्तरंगी ध्वज मुळातच आहे, आणि तो त्यांच्या कार्यकारिणीच्या गावीही नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९२५ मध्ये इंद्रधनुष्याचे सात रंग हे सहकार चळवळीच्या ध्वजाचे रंग म्हणून स्वीकारले. हाच ध्वज इतर चळवळीही वापरू लागल्याने गोंधळ होतो, म्हणून २००१ मध्ये त्या संघाने तो बदलला. भारतात मात्र १४ ते २० नोव्हेंबर या सहकार सप्ताहात आजही सप्तरंगी ध्वज फडकतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था ही साखर कारखान्याइतकीच सहकारी असते, फरक असलाच तर गाळपाच्या प्रकारात. म्हणजे अविवाहितांना घर भाड्याने द्यावे की नाही, यावर सर्वसाधारण सभेत तीन तास खल करणारी संस्था तत्त्वतः इंद्रधनुष्याखालीच बसलेली असते.

समजा, एखाद्या भाडेकरूने जूनमध्ये बाल्कनीत सहा पट्ट्यांचा ध्वज लावला, तर ‘बाहेरून दिसेल असे काही टांगू नये’ या नियमावर बोट ठेवून त्याला नोटीस जाईल. पण सात पट्टे असल्यास तो संस्थेचाच ध्वज ठरून नोटीस काढणारे सचिवच अडचणीत येतील. सारा वाद अखेर निळ्या आणि जांभळ्याच्या मधल्या एका पट्ट्यावर येऊन ठेपतो, ज्याला शालेय मराठीत पारवा म्हणतात आणि जो आकाशात नक्की कोणता, हे छातीठोकपणे सांगणारा विद्यार्थी विरळाच. न्यूटननेही आधी पाचच रंग मोजले होते. पुढे सप्तसुरांशी मेळ बसावा म्हणून त्याने नारिंगी आणि पारवा यांची भर घातली. पारवा हा शब्द मुळात कबुतराचा. ज्या सोसायट्यांनी कबुतरांना अटकाव करण्यासाठी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाळ्या ठोकल्या आहेत, त्यांना हा रंग ओळखता येत नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल.

सहकार सप्ताहासाठी ध्वज आणावयास जाणाऱ्या सचिवांनी कृपया दुकानातच पट्टे मोजून घ्यावेत.