आणखी दहा टाका

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात (पूर्ण नाव फक्त टपालावर, एरवी 'एमपी नगर') जोन वन असो की जोन टू, कोचिंग क्लासच्या पाट्यांखाली झेरॉक्सची यंत्रं दिवसभर तापलेली असतात. पीएचडीचा विद्यार्थी इथं शोधनिबंध छापून घेतो आणि गाइडसाहेबांनी परत पाठवला की पुन्हा छापून घेतो. शेरा बहुधा एकच: संदर्भ कमी आहेत, आणखी दहा टाका. कोणते, हे विचारायची पद्धत नाही.

मग दहा संदर्भ येतात ते दुसऱ्याच्या शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावरून. यात भोपाळला कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुका तपासल्या, तेव्हा एकाची चूक पुढच्या अनेकांकडे जशीच्या तशी उतरलेली दिसली. त्यावरून त्यांनी 2003 साली अंदाज मांडला, की मूळ लेख वाचून संदर्भ देणारे जेमतेम 20 टक्के.

न वाचता दिलेल्या संदर्भांत व्हान डर गीर यांची कीर्ती तर मोठीच. शास्त्रीय लेख कसा लिहावा यावरचा त्यांचा 2000 सालचा लेख शेकडो शोधनिबंधांच्या यादीत आहे. फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नाही, आणि तो छापणारं नियतकालिकही नाही! एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेनं संदर्भ लिहिण्याचा नमुना म्हणून तो दिला होता. मंडळींनी नमुनाही यादीत ठेवून दिला. आता एआयला विचारलं, की असे व्हान डर गीर पृष्ठक्रमांकासकट हवे तेवढे मिळतात.

कायद्याचीही आडकाठी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार मजकुरातलं साम्य 10 टक्क्यांपुढे गेलं की कारवाई. मात्र साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची. म्हणजे प्रबंधात बिनधास्त उचलावी अशी ही हक्काची जागा.

खरे संदर्भ हवेत, तर याच शहरात 1984 पासून माधवराव सप्रे यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय आहे, जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं जपणारं. सप्रे मराठी घरातले. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे. हिंदी पत्रकारितेवर प्रबंध लिहिणाऱ्यालाही तिकडे न फिरकण्याचं बिनतोड कारण सापडतं: संदर्भ गेल्या पाच वर्षांतले हवेत, आणि सप्रे तर 1926 मध्येच वारले.